सकाळचे उंदीर

उंदराच्या यकृताचा रंग ओल्या विटेसारखा असतो, गडद आणि चकचकीत. त्याच्या दोन मोठ्या पाकळ्यांकडे जाणारी रक्तवाहिनी बारीक क्लिपने दाबली की मिनिटाभरात त्या फिक्या पडतात. शेजारच्या पाकळ्या मात्र तशाच गडद राहतात. मधली रेघ कुणी पट्टी ठेवून आखल्यासारखी दिसते. एक तास क्लिप तशीच ठेवायची, मग काढायची. रक्त परत धावतं, रंग परत येतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, सुटला बिचारा. खरं नुकसान तिथून पुढे सुरू होतं. तासभर उपाशी राहिलेल्या पेशींना एकदम रक्त मिळालं की ते त्यांना सोसत नाही. सूज येते, आतून जळल्यासारखं होतं आणि पुढच्या काही तासांत पेशी मरायला लागतात.

माणसांचंही असंच होतं. यकृतातली गाठ कापताना सर्जनला काही वेळ रक्त थांबवावं लागतं. एकाचं यकृत दुसऱ्याला बसवताना तर ते बराच वेळ रक्तावाचून असतं. रक्त परत येण्याच्या त्या क्षणी यकृताला वाचवणारं एखादं औषध मिळालं, तर पुष्कळ लोकांचं भलं होईल. माझी पीएचडी अशाच एका औषधावर होती. औषध म्हणणं तेव्हाही घाईचंच होतं. रसायनशास्त्राच्या विभागाने बनवून दिलेली ती पिवळट पूड होती आणि आम्ही तिला नुसतं कंपाऊंड म्हणत असू.

आम्ही चंदीगडला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते. अमरावतीहून निघालेली त्यांची नोकरी चार शहरं फिरून इथे येऊन थांबली होती. प्रयोगशाळा मोहालीच्या बाजूला होती. सकाळी साडेसातला मी चौकातून शेअर ऑटो पकडायची. हिवाळ्यात तेव्हा समोरचा सिग्नलसुद्धा धुक्यात नीट दिसत नसे. ऑटोवाला अंदाजाने चालवायचा आणि आम्ही मागे बसलेल्या बायका शाली तोंडावर ओढून गप्प असायचो. मला तो अर्धा तास आवडायचा, कारण त्यात कुणी काही विचारत नसे.

मी फारशी बोलत नाही. शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी, घरी आईबाबांची मराठी आणि त्यांना माझी अर्धी हिंदी, अर्धी मराठी उत्तरं, अशी मी वाढले. प्रत्येक ठिकाणी तोंड उघडण्याआधी कुठली भाषा काढायची हे ठरवावं लागे. ते ठरेपर्यंत बोलायची वेळ निघून जायची. पुढे सवयच लागली.

प्रयोगशाळेत आम्ही तिघं. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, साठीला टेकलेले, कायम थकलेले. दीदी माझ्याहून पाच वर्षांनी सीनियर होती. ती पिंजौरहून रोज बसने यायची. घरी दोन मुलं असल्यामुळे दोनची बस चुकवून तिला चालायचं नाही. आणि मी.

दीदीचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचा. मला ती 'साइलेंट मोड' म्हणायची.

"ओ साइलेंट मोड, गुड मॉर्निंग का जवाब भी म्यूट है क्या?"

मी हसायची. मान हलवून "गुड मॉर्निंग, दीदी" म्हणायची. तोवर ती पुढे गेलेली असायची.

शस्त्रक्रियेच्या खोलीत एक गरम प्लेट होती. पाटाएवढी, धातूची, वर रबरी आवरण. बेशुद्ध उंदराला तिच्यावर ठेवलं की त्याचं अंग सदतीसच्या आसपास राहतं. भूल दिलेला, पोट उघडं असलेला प्राणी फार लवकर गार पडतो, म्हणून ती प्लेट. आमच्याकडे ती एकच होती. दारावर वेळांचा कागद लावलेला असे, ज्याला जेव्हा हवी त्याने तिथे नाव लिहायचं. मी कामाला लागले तेव्हा त्या कागदावर सकाळी नऊ ते एक या रकान्यात दीदीचं नाव होतं आणि त्यापुढे सोमवारपासून शनिवारपर्यंत एक लांब बाण. प्रत्येक आठवड्याच्या कागदावर तो बाण असायचाच.

कंपाऊंडची अडचण अशी की पाण्यात कालवलं की दोन-अडीच तासांत त्याचा रंग बदलायचा आणि ते टाकून द्यावं लागायचं. पूड मोजकीच मिळाली होती. त्यामुळे मी ते रोज एकदाच, सकाळी आल्याआल्या कालवायची. सकाळच्या उंदराला औषध, दुपारच्या उंदराला नुसतं पाणी. मग दोघांची यकृतं ताडून पाहायची. खरं तर एक दिवस औषध सकाळी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, असं आलटूनपालटून करायला हवं होतं. मला ते माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. पण सकाळी कालवायचं, सकाळी द्यायचं हे इतकं सरळ होतं की आठवडाभरात तेच वेळापत्रक झालं.

दुपारी प्लेट मोकळी असायची, सकाळी मात्र नसायची. दीदीला एकदा विचारावं असं मी पहिल्या आठवड्यात तीनदा ठरवलं. ऑटोमध्ये वाक्य जुळवलं, "दीदी, क्या मैं सुबह एक घंटा प्लेट ले सकती हूँ?" खोलीत गेले तेव्हा ती फोनवर मुलाला ओरडत होती. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी ती चांगल्या मूडमध्ये होती, मला वाटलं आता कशाला तो घालवा. शेवटी मी एक टेबल लॅम्प आणला आणि उंदराच्या अंगावर वाकवून ठेवला. खाली कापसाची घडी. उजेडात हात घातला तर ऊब लागायची. एवढं पुरे, असं मी ठरवून टाकलं.

प्रत्येक उंदराचं तापमान मात्र मी दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहीत गेले. पद्धतच तशी होती. तो आकडा लिहायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. तो काय सांगतो आहे हे बघायचं डोक्यात आलं नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे दोन हिवाळे मी हे केलं. निकाल सुंदर आले. दुपारच्या उंदरांच्या यकृतात मेलेल्या पेशींचे पट्टेच्या पट्टे दिसायचे. सकाळच्या उंदरांचं यकृत स्लाइडवर जवळजवळ निरोगी. सर सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहत राहिले आणि डोळा न काढता म्हणाले, "पुत्तर, ये तो कमाल है." ते कुणाला असं सहसा म्हणत नसत. दिल्लीच्या एका परिषदेत माझ्या पोस्टरला बक्षीस मिळालं. बाबांनी त्या प्रमाणपत्राचा फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. कॉलनीतल्या जिन्यात भेटणाऱ्या काकू मला विचारायच्या, "लिव्हर की दवाई बना ली, बेटा?" मी म्हणायची, "अभी नहीं, आंटी, अभी बस चूहों पे." पण मनात मीही थोडीशी बनवलीच होती.

बाबा त्या वर्षी मे महिन्यात निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं, अमरावतीला परत जायचं, हे आईने कधीपासून ठरवून ठेवलं होतं. मी एप्रिलअखेर प्रबंध द्यायचा आणि तिघांनी मिळून जायचं. बाबांनी जूनची तीन तिकिटं काढली होती. आई मार्चपासूनच खोकी बांधायला लागली. मी बाहेरच्या खोलीत लिहीत बसायची आणि माझ्याभोवती एकेक भिंत रिकामी होत जायची.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी मी परिशिष्टाचे तक्ते टाइप करत होते. मूळ नोंदी प्रबंधाच्या शेवटी जोडाव्या लागतात. कुणी त्या वाचत नाही. बाबा म्हणाले, "दे इकडे वही. मी वाचतो, तू टाइप कर." आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे तक्ते तपासले होते. हे काम त्यांना आवडायचं. पलंगावर मांडी घालून, चष्मा नाकाच्या टोकावर ओढून ते वाचू लागले. आई शेजारी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"थर्टी फोर पॉइंट टू. थर्टी फोर. थर्टी थ्री पॉइंट नाइन. थर्टी फोर पॉइंट वन."

मी टाइप करत गेले. दोन पानं झाली. मग ते थांबले.

"बेटा, ह्या सकाळच्या उंदरांना थंडी वाजत होती काय?"

"काय?"

"नाही, सारे चौतीस दिसून राहिले. दुपारवाले पाहा, मस्त सदतीस. एकही चुकत नाही." ते हसले. "दुपारवाल्यांची मजा आहे."

"मंग काय," आई म्हणाली, "इथल्या थंडीत माणसं गारठून राहिली, उंदरांचं काय घेऊन बसले तुम्ही?"

बाबा पुढे वाचू लागले. माझे हात टाइप करत राहिले. दान केलेलं यकृत बर्फात घालून नेतात. का, तर गारव्यात पेशींची भूक मंदावते आणि रक्त नसलं तरी त्या तग धरतात. हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात, अकराव्या की बाराव्या पानावर, मीच ते लिहिलेलं होतं.

सकाळचे उंदीर औषधाने वाचले नव्हते. ते गार पडले होते म्हणून वाचले होते.

"पुढचा लिहिला का?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "सांगा."

तक्ते संपले. बाबा चहाला उठले. मी वही घेऊन मागच्या अंगणात गेले आणि एकच गोष्ट शोधू लागले. पहिल्या हिवाळ्यात दीदी चार दिवस रजेवर होती, तिच्या मुलाला ताप होता. त्या चार दिवसांत प्लेट सकाळी मोकळी होती आणि मी ती वापरली होती. म्हणजे औषध घेतलेले चार उंदीर असे असणार की ज्यांना थंडी वाजली नाही. वहीत ते सापडले. चौघांचंही यकृत दुपारच्या उंदरांइतकंच खराब. माझ्याच अक्षरात समासात लिहिलेलं होतं, 'औषध नीट पोटात गेलं नसावं, वगळावे.' सरांना विचारून मी ते वगळले होते. सर म्हणाले होते, होतं असं, सुरुवातीला हात बसलेला नसतो.

माझा हात चांगला बसलेला होता.

पुढचे आठ-नऊ दिवस मी कुणाला काही बोलले नाही. रोज ऑटोने गेले, रोज आले. प्रबंधाचं चर्चेचं प्रकरण उघडायचं, एक वाक्य लिहायचं, खोडायचं. पळवाटा पुष्कळ होत्या. औषधच शरीराचं तापमान उतरवत असेल, असं म्हणता आलं असतं. परिशिष्ट कुणी वाचत नाही, हे तर होतंच. मर्यादा म्हणून एक ओळ टाकायची, पुढच्या संशोधनात तापमानावर अधिक नियंत्रण हवं वगैरे. परीक्षक मान डोलावतात, आपण पदवी घेऊन अमरावतीच्या गाडीत बसायचं. मी ती ओळ लिहूनही पाहिली. व्याकरणात कुठेच चूक नव्हती.

आई म्हणाली, "काहून अशी बसून राहिली गं? जेवलीही नाही धड."

"थकले आहे."

"झालं ना आता? महिना राहिला." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत खोक्याकडे वळली.

खोटं बोलायची भीती मला वाटली असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. हे सांगायचं तर सगळं सांगावं लागणार होतं. प्लेट का नव्हती? दीदीकडे होती म्हणून. मग मागितली का नाही? यंत्र बिघडलं, वीज गेली, असं काही असतं तर मी धावत जाऊन सांगितलं असतं.

शेवटी एका सोमवारी वही घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

"हां जी, बोलो." सर चष्मा पुसत होते.

मी वही त्यांच्यासमोर ठेवली, दोन्ही रकाने बोटाने दाखवले, मग ते चार उंदीर दाखवले. सरांना फार वेळ लागला नाही. त्यांनी पान उलटलं, परत मागे गेले. मग खुर्चीत मागे टेकले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू झाली तेव्हा सरांनी मान वळवली.

"प्लेट क्यों नहीं थी सुबह?"

"दीदी की बुकिंग थी, सर."

"तो मांग लेती."

"जी."

"जी क्या? मांगी थी?"

"नहीं, सर. हिम्मत नहीं हुई."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. "दो साल," ते म्हणाले, "दो साल हिम्मत नहीं हुई." मग स्वतःशीच, "और मैंने भी तो दो साल तेरी नोटबुक नहीं देखी. स्लाइडां ही देखदा रया."

पेपरचा मसुदा त्यांच्या टेबलावरच होता. पाठवायचा तेवढा बाकी होता. त्यांनी तो उचलून खालच्या खणात ठेवला.

"देख, पुत्तर. दो रास्ते हैं. एक, थीसिस ऐसे ही दे दे, सच-सच लिख के कि टेम्परेचर बराबर नहीं था, इसलिए कुछ कह नहीं सकते. एग्ज़ामिनर की मर्ज़ी, पास करे, न करे. दूसरा, दोबारा कर. छह महीने. गर्मी में करना पड़ेगा, एसी में. फेलोशिप खत्म हो जाएगी, मैं कहीं से देखूंगा थोड़ा-बहुत." ते थांबले. "तू क्या चाहती है?"

या खोलीत मला हा प्रश्न कुणी आधी विचारला नव्हता. कदाचित मी विचारू दिला नव्हता.

"दोबारा करना है," मी म्हटलं. "मुझे जानना है कि उसमें कुछ है या नहीं."

"कुछ नहीं निकला तो?"

"तो वो लिखूंगी."

प्रयोग परत करायचा म्हणजे उंदीर परत हवेत, आणि त्यासाठी प्राण्यांवरील प्रयोगांच्या समितीची परवानगी. अर्जात एक चौकोन असतो, पुनरावृत्तीचं कारण. तो माझ्याकडून दोन दिवस भरला गेला नाही. आधीच्या खेपेला मारलेले सगळे प्राणी फुकट गेले होते आणि आता तितकेच आणखी मागायचे होते. ज्यांना प्रयोगशाळेतलं काही माहीत नाही त्यांना वाटतं आम्हाला त्याची सवय होते. हाताला होते. सर म्हणाले, लिख दे, निष्कर्ष की पुष्टि के लिए, सब यही लिखते हैं. मी लिहिलं की औषध दिलेल्या गटासाठी गरम प्लेट वापरली नव्हती आणि ही चूक प्रयोग करणाऱ्या विद्यार्थिनीची आहे. सरांनी वाचलं, पेन हातात घेतलं, काही खोडलं नाही. सही केली.

दीदीला सांगणं राहिलं होतं. ते मी मुद्दाम एक वाजता केलं, ती आवरून बसच्या घाईत असताना, म्हणजे लवकर संपेल.

"दीदी, मुझे अगले महीने से सुबह प्लेट चाहिए होगी. एक घंटा. रोज़."

ती पर्स खांद्यावर अडकवता अडकवता थांबली. "अरे! बोलती भी है ये. हां तो ले ले. पूछना क्या इसमें?"

"आपका काम..."

"मेरा काम? मैं तो उस पे बोतलें रखती हूँ, यार. सलूशन गुनगुना रखने को. मेरे चूहों की सर्जरी तो कब की हो गई. बोतलें तो गरम पानी के टब में भी रह जाती हैं." ती माझ्याकडे पाहून हसली आणि मग तिचं हसू हळूहळू गेलं. "क्यों? क्या हुआ?"

मी सांगितलं. वाक्यं तुटत होती, पण सांगितलं. मध्येच तिने पर्स परत टेबलावर ठेवली.

"पागल है तू?" ती म्हणाली. "एक बार बोल तो देती! मैं खा जाती तुझे?"

"पता नहीं."

"पता नहीं!" ती खुर्चीवर बसली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "इतनी डरावनी लगती हूँ मैं?"

त्या दिवशी तिची दोनची बस चुकली. मुलांना शेजारच्या घरी थांबवायला सांगणारा फोन तिने माझ्यासमोरच केला आणि मला त्याचं ओझं वाटत राहिलं.

घरी सांगणं सगळ्यात लांबलं आणि झालं सगळ्यात थोडक्यात. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. "मी उगाच वाचलं ते," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही बाबा, बरं झालं." त्यांना ते पटलं नाही. आईने विचारलं, "म्हणजे तू येऊन नाही राहिली?" मी नाही म्हटलं. ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक कढई, दोन ताटल्या आणि चहाचं पातेलं होतं. बांधलेल्या खोक्यातून तिने ते परत काढलं होतं. "हे तुला ठेवून जाते," ती म्हणाली.

जूनमध्ये ते गेले. एक तिकीट रद्द केलं. मी झिरकपूरला एका फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत राहायला गेले, कारण हॉस्टेलमध्ये जागा नव्हती. सकाळी तिथून निघायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये एक तास. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हातून येऊन एसीच्या खोलीत उंदराला सदतीसवर ठेवायचं.

या खेपेला आम्ही सगळं नीट केलं. कुणाला औषध आणि कुणाला पाणी हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. चिठ्ठी दीदी उचलायची, तीच कालवून बिनखुणेची बाटली माझ्या हातात द्यायची. पूड आता मोजून वापरण्यात अर्थ नव्हता, म्हणून दुपारी लागली तर बसला निघण्याआधी ती पुन्हा ताजी कालवून द्यायची. बाटलीत काय आहे हे ओळखता येऊ नये म्हणून पाण्यातही ती साधा पिवळा रंग टाकायची. रंग बदलायच्या आत देऊन टाकायचं. सकाळ असो वा दुपार, प्रत्येक उंदीर प्लेटवर. मी क्लिप लावायची, तास मोजायची, क्लिप काढायची. रोज तेच. पहिल्या वेळी या कामात एक उत्सुकता होती, ती आता नव्हती. पाकळ्या फिक्या पडायच्या, परत गडद व्हायच्या. मला माहीत नसायचं माझ्यासमोर कोणता आहे, आणि काही दिवसांनी मी अंदाज करणंही सोडून दिलं.

एवढं खरं की त्या उन्हाळ्यात मी दीदीशी रोज बोलले. बहुतेक तीच बोलायची. तिच्या सासूबद्दल, बसच्या कंडक्टरबद्दल, मोठ्या मुलाच्या गणिताबद्दल. कधी मी एखादं वाक्य जोडायची. त्याने माझा स्वभाव बदलला असं काही नाही. अजूनही फोन उचलण्याआधी मी दोन रिंगा वाजू देते.

सप्टेंबरमध्ये स्लाइड्सचे गुण आले, म्हणजे कोणतं यकृत किती खराब झालं त्याचे आकडे. त्या दुसऱ्याच एका डॉक्टरांनी, फक्त क्रमांकावरून, कोणती कुठल्या गटातली हे माहीत नसताना तपासल्या होत्या. चिठ्ठ्यांची यादी दीदीने पाकिटातून काढली. ती क्रमांक वाचत गेली, मी औषध आणि पाणी असे दोन गट करत गेले. अर्ध्यावर आल्यावर दोघींनाही कळलं होतं. तरी शेवटपर्यंत केलं. दोन्ही गटांची यकृतं सारखीच खराब होती. तुम्ही मला पहिल्या स्लाइडपासून शेवटच्यापर्यंत विचारा, यातलं औषधाचं कोणतं, मी सांगू शकणार नाही.

दीदी म्हणाली, "चल, चाय पी."

चहा घेऊन मी घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. "काय आलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"मग एवढे दिवस..." ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "पक्कं आहे ना आता?"

"हो, पक्कं."

"मग ठीक आहे. लिही."

आईने फोन घेऊन विचारलं, दिवाळीला येते का. मी म्हटलं, लिहून झालं तर.

निकालाचं प्रकरण मी दहा दिवसांत लिहिलं. लिहायला फारसं नव्हतंच. सरांकडे नेलं तेव्हा ते दारातल्या खुर्चीवर वारा घेत बसले होते. त्यांनी कागद मांडीवर ठेवून सगळं वाचलं. दिल्लीच्या परिषदेला त्यांनी आधीच पत्र पाठवून आमचं ते पोस्टर मागे घेतलं होतं. मला त्यांनी ते सांगितलं नव्हतं, मी फाइलमध्ये पाहिलं होतं. शेवटच्या पानावर माझं मुख्य वाक्य होतं. तापमान सारखं राखल्यावर या संयुगाने यकृताचं रक्षण झालं नाही, असं इंग्रजीत. त्याच्या सुरुवातीला मी 'अनफॉर्च्युनेटली' असा शब्द घातला होता.

सरांनी खिशातून पेन काढलं आणि तेवढा एक शब्द खोडला.

"रिज़ल्ट है, पुत्तर," ते म्हणाले. "इसमें अफ़सोस नहीं लिखते. कोई और यही पाउडर लेके बैठा होगा कहीं, उसके काम आएगा."

त्यांनी कागद परत दिले. मी आत जाऊन तो शब्द काढला, त्यानंतरचं अक्षर मोठं केलं आणि पान परत छापायला दिलं. प्रिंटर गरम व्हायला वेळ लागत होता, म्हणून मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले.